एका स्लॉटचं गणित: स्टुडिओच्या छोट्या डब्यासाठी ग्राफिक्स कार्ड

६ मार्च २०२५, अमळनेर

चोपड्याहून बापू माझ्या दुकानात आले. लग्नाचे फोटो-व्हिडिओ, अल्बम, आता मांडवात एलईडी स्क्रीनवर लाइव्ह मिक्सिंगही करतात. सोबत मशीन घेऊनच आले, रुमालात बांधलेलं. कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेला स्लिम डेस्कटॉप: इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ ८५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, वर साडेतीन इंची हार्ड डिस्क. पॉवर सप्लाय २०० वॅटचा. ग्राफिक्स म्हणजे प्रोसेसरातलंच यूएचडी ६३०.

तक्रार अशी की सोनी ए७ थ्रीचं ४के फुटेज रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकून नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावलं की मेमरी संपल्याचा मेसेज येतो. आणि लाइव्हला रेकॉर्डिंग, यूट्यूब आणि स्क्रीन ही तिन्ही कामं एकदम सुरू केली की फ्रेम गळतात.

सरळ टॉवर घ्या म्हटलं, तर बापू म्हणाले, "भाऊ, हाई डबं मांडवमा लई जानं पडस. टॉवर कोन उचली?" मुद्दा बरोबर आहे. ओम्नीत कॅमेरे, ट्रायपॉड, दोन पोरं आणि हा डबा. मांडवात लाइट गेली तर त्यांच्याच इन्व्हर्टरवर चालवायचा. मोठं मशीन या धंद्यात घरी ठेवायला बरं.

बजेट वीस हजारांच्या आत. सेकंडहँड चालेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पाहिजे, कारण त्या मुहूर्तावर तारखा लागलेल्या आहेत.

८ मार्च

कार्डांची नावं बघायच्या आधी डबा उघडून मोजला. व्हर्निअर, फुटपट्टी आणि टॉर्च.

मागची खिडकी अर्ध्या उंचीची. म्हणजे कार्डाची लोखंडी पट्टी ७९ मिलिमीटरची हवी. नेहमीच्या कार्डाची १२० असते. त्यामुळे दुकानात दिसणाऱ्या दहापैकी नऊ कार्डांचा विषय इथेच संपतो. लांबीला जागा बरी आहे, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत साडेसतरा सेंटीमीटर. लो प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीच्या, कार्डाची नियमातली लांबी साधारण १६८ मिलिमीटरपर्यंत असते, तेव्हा तिथे अडचण नाही.

खरी गोम जाडीत निघाली. आत कार्ड बसवायच्या दोन खाचा, म्हणजे स्लॉट, आहेत. एक सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटा ये-जा करायची वाट), त्याला खेटून एक चार लेनचा. दोघांच्या मधलं अंतर २०.३२ मिलिमीटर, ते सगळीकडे ठरलेलंच असतं. चार लेनच्या स्लॉटात बापूंचं डेकलिंक कॅप्चर कार्ड बसलंय, मुख्य कॅमेऱ्याची लाइन त्यातूनच येते. ते काढता येणार नाही. यूएसबी कॅप्चर घ्या म्हणून सुचवून पाहिलं. बापूंनी मागच्या वर्षीच्या एका हळदीची गोष्ट सांगितली, ज्यात नाचणाऱ्या कुणाच्या तरी पायात यूएसबीची वायर आली होती. विषय बंद.

म्हणजे ग्राफिक्स कार्ड दोन स्लॉटांच्या जाडीचं असेल तर डबा बंद होईल, पण डेकलिंक बाहेर. एका स्लॉटात मावणारंच कार्ड हवं. पुढची सगळी निवड या वाक्याभोवती फिरणार.

११ मार्च

वॅटचा हिशोब.

सोळा लेनच्या स्लॉटातून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळावेत असं पीसीआय एक्सप्रेसचं मानक सांगतं. पण छोटे डबे बनवणारे कधीकधी त्याहून कमी देतात, आणि ते मॅन्युअलच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं. या डब्याच्या मॅन्युअलमध्ये मोठ्या स्लॉटपुढे ५० लिहिलंय. पॉवर सप्लायमधून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. सहा पिनचा कनेक्टर लावायला जागाच नाही.

प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा, टर्बोत (जोर लावताना) थोडा वेळ त्याच्या वर जातो. डिस्क, पंखे, रॅम, डेकलिंक मिळून तीसेक धरले. वर ५० चं कार्ड. दोनशेत बसतं, श्वास घ्यायलाही जागा उरते. ७० चं कार्डही बेरजेत बसेल, पण स्लॉटच्या मर्यादेत बसत नाही.

१५ मार्च

धूलिवंदनाचा रंग अजून नखांत आहे. बापूंचा भाचा आला होता, जळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाइलवर यादी करून आणली होती आणि यादीत सगळ्यात वर आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. खरं सांगायचं तर पोराची निवड वाईट नाही. फेब्रुवारी २०२४ ला आलेलं हे कार्ड ७० वॅटमध्ये चालतं, वेगळी वायर लागत नाही, २३०४ कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) आहेत, आणि गिगाबाइट, एमएसआय यांनी त्याची अर्ध्या उंचीची आवृत्ती काढली आहे. पैशाच्या हिशोबात याच्याशी बरोबरी करणारं लो प्रोफाइल कार्ड नवं मिळणं कठीण. पण ते दोन स्लॉटांचं आहे, आणि ७० वॅट आहेत.

"लोक चालवतात ना सर, ५० च्या स्लॉटवरही," तो म्हणाला. चालवत असतील. एसीच्या खोलीत टेबलावर ठेवून गेम खेळणाऱ्याचं चालणं वेगळं. मे महिन्यात दुपारी बाराच्या मुहूर्ताला, पत्र्याच्या शेडखाली, सलग पाच तास चालणं वेगळं. आणि तिथे बंद पडलं तर नवरी पुन्हा माळ घालत नाही.

मग बाकीच्यांची छाननी एकत्र बसून केली. त्याला सांगितलं की प्रत्येक कार्डाला 'किती फ्रेम देतं' हा प्रश्न शेवटी विचार, आधी तीन विचार: एका स्लॉटात मावतं का, एन्कोडर (रेकॉर्डिंग आणि लाइव्हसाठी व्हिडिओ दाबून छोटा करणारा भाग) आहे का, आपल्या आठव्या पिढीच्या बोर्डाशी पटतं का.

जीटी १०३०. मावतं, ३० वॅट. पण एन्कोडरच नाही, मेमरी २ जीबी. शिवाय याच नावाखाली दोन प्रकार विकले जातात: जीडीडीआर५ वाल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी हलवते, २०१८ ला आलेल्या डीडीआर४ वाल्याची १७ च्याही आत. खोक्यावरचं नाव तेच. बाद.

आरएक्स ६४००. हे भाच्याला आवडलं होतं, कारण एका स्लॉटाचं मिळतं, ५३ वॅट आणि गेमला बरं. पण ही चिप मुळात लॅपटॉपसाठी घडवलेली. तिच्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच ठेवलेला नाही. ज्याचं अर्धं काम रेकॉर्डिंग आहे त्याला हे कार्ड देणं म्हणजे आंधळ्याला आरसा देणं. त्यात ते फक्त चार लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटात ते खपून जातं. आपला स्लॉट तिसऱ्या पिढीचा, म्हणजे वाट निम्मी. ४ जीबी मेमरी भरली की त्याच अरुंद वाटेने ये-जा. बाद.

इंटेल आर्क ए३१०. हे सोडताना मलाच वाईट वाटलं. स्पार्कलचं ए३१० इको एका स्लॉटाचं, ५० वॅटचं, आणि एन्कोडर तर असा की एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅटसुद्धा करतो. ज्या कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) एच.२६५ फुटेज बऱ्याच कार्डांना पचत नाही, तेही हे सहज उघडतं. पण आर्कला बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं. इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढची मशीनं सांगतं, आणि या डब्याच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो पर्यायच नाही. बारशिवाय ते चालू होतं, पण लंगडतं. मशीन नवं असतं तर हेच घेतलं असतं आणि ही वही इथेच मिटली असती.

उरली एनव्हिडियाची वर्कस्टेशनवाली जात. टी४०० (३० वॅट, ३८४ कोअर), टी६०० (४० वॅट, ६४० कोअर), टी१००० (५० वॅट, ८९६ कोअर). तिन्ही एका स्लॉटात मावणारी, अर्ध्या उंचीची. त्यांच्या वर आरटीएक्स ए१०००: ५० वॅटमध्येच २३०४ कोअर आणि ८ जीबी. कागदावर तेच उत्तर. किंमत बघून बापू हसलेसुद्धा नाहीत. ए२००० भारी आहे, पण पुन्हा दोन स्लॉट, ७० वॅट.

टी१००० ची चिप जीटीएक्स १६५० मधलीच, टीयू११७. एन्कोडर मागच्या पिढीचा आहे, नवीन कार्डांइतका नीटस नाही. फुल एचडी लाइव्हला मोबाइलवर बघणाऱ्या मामा-मावशीला तो फरक कळणार नाही. मेमरीचे दोन प्रकार, ४ आणि ८ जीबी. बापूंची मूळ तक्रारच मेमरीची, तेव्हा ८.

भाचा शेवटपर्यंत नाराज होता. जाताना म्हणाला, "यात गेम नीट नाही चालणार." बापू: "गेम खेयाना शे का लगीन लावाना शे?"

२२ मार्च

जळगाव. गोलाणी मार्केटमध्ये चौकशी. नवं टी१००० ८ जीबी बजेटच्या बरंच वर. बहुतेक दुकानांत 'एडिटिंगसाठी ४ जीबी कार्ड' म्हणून जीटी ७३० पुढे करतात. २०१४ चं कार्ड, मंद डीडीआर३ मेमरी, पण खोक्यावर ४ जीबी मोठ्या अक्षरात. गिऱ्हाईक जीबी बघून घेतं, म्हणून दुकानदार जीबी विकतो. भांडण कुणाशी करायचं?

जुनी वर्कस्टेशनं मोडून सुटे भाग विकणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर बोलणं झालं. टी१००० ८ जीबी आहे म्हणाला, किंमत बजेटमध्ये. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा चालू मशीनवरचा व्हिडिओ मागवला, नुसता फोटो नको म्हटलं. चिप टीयू११७, शेडर (म्हणजे कोअर) ८९६, मेमरी जीडीडीआर६, ८१९२ एमबी, बस १२८ बिट. सगळं जुळलं. नाव बदललेल्या खोट्या कार्डात यातला एक तरी आकडा फसतो.

शेवभाजी खाऊन परत.

२९ मार्च

कार्ड आलं. लांबी १५६ मिलिमीटर, बोर्डाची उंची ६९. स्वच्छ आहे, पंखा मोकळा फिरतो.

पट्टी मात्र पूर्ण उंचीची. मोठ्या टॉवरमधून काढलेलं असल्याने अपेक्षितच होतं. नव्या खोक्यात दोन्ही पट्ट्या येतात, मोडून काढलेल्यात जी लावलेली असेल ती. व्यापाऱ्याकडे छोटी पट्टी नाही. ऑनलाइन मिळते, पण चार मिनी डिस्प्लेपोर्टच्या (स्क्रीनची वायर लावायच्या जागांच्या) खिडक्या या कार्डाशी जुळतील का याची खात्री नाही, आणि यायला दोन आठवडे.

उद्या पाडवा, परवा ईद. पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्या चाचांचं दुकान तोवर बंद. थांबू.

३ एप्रिल

चाचांकडे. आधी शीरखुर्मा, मग काम.

पट्टी कार्डावरून सोडवून नेली होती. कार्ड माझ्या दुकानातच ठेवलं. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर दोन पायांमध्ये अडकून सगळंच जाईल. पूर्ण आणि अर्ध्या उंचीच्या पट्टीत खालचा भाग सारखाच असतो. पोर्टच्या खिडक्या, बोर्डाला धरणारे स्क्रू, खालची जीभ, सगळं त्याच जागी. फरक फक्त वरच्या आडव्या कानाचा, ज्याला डब्याचा स्क्रू लागतो. तो कान चार सेंटीमीटर खाली आणायचा.

चाचांनी व्हर्निअर बाजूला सारला. डब्यातून काढून आणलेली रिकाम्या स्लॉटाची झाकणपट्टी मागितली, ती आपल्या पट्टीवर पालथी धरली आणि खिळ्याच्या टोकाने रेघ ओढली. वाकवायची रेघ ती. तिच्या वर बारा मिलिमीटर सोडून दुसरी, कापायची. कातरीने पत्रा वेडावाकडा होतो म्हणून हॅकसॉच्या पात्याने कापलं. मग वाईसमध्ये रेघेपर्यंत अडकवून, लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडीने बारीक बारीक ठोके. एकदम वाकवलं असतं तर पत्रा रेघेवर तडकला असता, कारण हा कोठीच्या पत्र्यासारखा मऊ नाही. गुण्यात धरून बघितलं, काटकोन. शेवटी गोल कानशीने स्क्रूसाठी अर्धगोल खाच आणि कडा घासून गुळगुळीत.

पैसे घेईनात. "इतने काम का क्या लेना." चहाचे तरी घ्या म्हणून ठेवून आलो.

४ एप्रिल

कार्ड बसलं. पट्टीचा कान डब्याच्या कडेवर नीट टेकला, स्क्रू ओढताना बोर्ड तिरकं झालं नाही. डेकलिंक शेजारी जसंच्या तसं.

बायोसमध्ये एक गोष्ट बदलली. कार्ड लावलं की बहुतेक ऑफिसवाली मशीनं प्रोसेसरातलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मल्टी-डिस्प्लेचा पर्याय चालू ठेवला, म्हणजे यूएचडी ६३० मधलं क्विक सिंकही (व्हिडिओ उघडणारा-दाबणारा इंटेलचा भाग) हाताशी राहतं. एडिटिंग सॉफ्टवेअर फुटेज उघडायला ते वापरू शकतं आणि कार्ड इफेक्टसाठी मोकळं. फुकटात मिळणारी गोष्ट आहे, आणि बरेच जण ती बंदच ठेवतात.

मिनी डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारे कन्व्हर्टर दोन दिले, एक जास्तीचा. मांडवात पहिली हरवणारी वस्तू हीच असते.

७ एप्रिल

भिंतीच्या सॉकेटवर वॅटमीटर लावून मोजलं. नुसतं चालू: ३४. रिझॉल्व्हमधून एक्स्पोर्ट: १२० ते १३०. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुद्दाम ताणले: १५२. हे भिंतीतून ओढलेले वॅट. पॉवर सप्लायच्या आतला तोटा वजा केला तर बाहेर पडणारे आणखी कमी. २०० च्या सप्लायला चिंता नाही.

जुन्या फुटेजवर नॉइज रिडक्शन लावलं, मेमरीचा मेसेज नाही. कार्डाची मेमरी साडेपाच जीबीपर्यंत भरली होती. ४ जीबीचं घेतलं असतं तर इथेच अडलो असतो.

इन्व्हर्टर बघितला. बापूंचा जुना स्क्वेअर वेव्हवाला आहे. या मशीनच्या सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज एकसारखी ओढणारं सर्किट) आहे, आणि अशा सप्लायचं चौकोनी लाटेशी नीट जमत नाही. बदलाच्या क्षणी मशीन रिस्टार्ट होतं किंवा सप्लाय गुरगुरतो. प्युअर साइन वेव्हवाला घ्या म्हणून लिहून दिलं.

१९ एप्रिल

आता खरी परीक्षा. बाहेर ४३, दुकानात कूलर बंद करून ३९. दुपारी दोनला डबा बंद, लाइव्हचं सगळं काम एकदम सुरू.

पाऊण तासात कार्ड ८६ अंशांवर, आणि क्लॉक (चिपचा वेग) तेराशे मेगाहर्ट्झच्या पुढून अकराशेवर उतरला. बंद पडलं नाही, फ्रेमही गळल्या नाहीत, पण शिल्लक काही नाही. कारण उघडल्यावर दिसतं. कार्डाच्या पंख्याचं तोंड डेकलिंकच्या पाठीकडे आहे आणि मध्ये जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची फट. पंखा त्या फटीतून हवा ओढतो. समोरून येणारी हवा साडेतीन इंची हार्ड डिस्कने अडवलेली, आणि ती स्वतःही तापलेली.

हार्ड डिस्क काढली, तिचा डेटा बाहेरच्या एसएसडीवर. पिंजराही काढला, त्यामुळे समोरच्या जाळीपासून कार्डापर्यंत वाट सरळ झाली. कार्डाच्या चिपची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती, ती बदलली. पुन्हा तीच दुपार, तेच काम: ७८ वर स्थिर, क्लॉक तेराशेच्या खाली नाही.

बापूंनी विचारलं, मांडवात डेझर्ट कूलरसमोर ठेवू का? नको. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर पांढरा थर धरतात. कूलर माणसांना, मशीनला साधा टेबलफॅन.

३० एप्रिल, आखाजी

धरणगावच्या बाजूला लग्न होतं, मुद्दाम गेलो. गावात निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चालू, आणि मांडवात डीजे. मिक्सिंगचं टेबल बघून पहिल्यांदा झालर वर खोचायला लावली. साटनचं कापड डब्याच्या जाळीवरच लोंबत होतं. सगळी मोजमापं तिथे वाया गेली असती.

लाइव्ह साडेचार तास चाललं. कार्ड ८१ च्या वर गेलं नाही. मध्ये लाइट गेली, नव्या इन्व्हर्टरवर मशीनला कळलंसुद्धा नाही.

एक गोष्ट कुठल्याही तक्त्यात सापडली नसती. मंगलाष्टकं झाल्यावर डब्याच्या वरच्या जाळीत पिवळ्या अक्षता. दोन दाणे आत गेले होते, एक थेट कार्डाच्या पंख्याच्या शेजारी. चिमट्याने काढले. पंख्याच्या पात्यात तांदूळ अडकून पंखा थांबला असता तर पाच मिनिटांत कार्ड गुडघ्यावर.

४ मे

मच्छरदाणीची नायलॉन जाळी कापून डब्याच्या वरच्या आणि समोरच्या छिद्रांवर लावली, चुंबकाच्या पट्ट्यांनी, म्हणजे काढून झटकता येईल. जाळीमुळे तापमान दोन अंश वाढलं, ते मान्य. बापूंना सांगितलं, दर लग्नानंतर झटका, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बाजूच्या गावांत गेलात तर रोज.

ड्रायव्हरचं अपडेट हंगाम संपेपर्यंत बंद ठेवलंय. चालू गाडीची चाकं बदलायला जूनमध्ये वेळ मिळेल.

भाच्याचा फोन आला होता. त्याच्या स्वतःच्या मशीनला ३०५० लो प्रोफाइल बसेल का विचारत होता. कॅबिनेट कुठलं विचारलं तर माहीत नाही म्हणाला. आधी मोजून पाठव म्हटलं: मागच्या खिडकीची उंची, आतली लांबी, शेजारचा स्लॉट रिकामा आहे का, आणि मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढे किती वॅट लिहिलेत.